एका गंजातले रात्रीचे जेवण

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दुपारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस पत्र पाठवून भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही एका ओळीत उत्तर कळविले : ‘झिंगे घालून केलेला पास्ता, एकाच गंजात, कामाच्या दिवशी रात्री.’ दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. पत्रातील अक्षर आपल्याला नीट लागले नसावे, असे त्यांना वाटले होते. मेळाव्यात शिष्यवृत्त्या, वधूवर-परिचय, तलावांचे ठेके, जातीचे दाखले या विषयांवर बोलावे, निवृत्त शिक्षकाने तर शिक्षणावर बोलावे, असा संकेत आहे. आम्ही आजवर तो पाळला. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात जे घडले, त्याने आमची खात्री झाली की शिक्षणाच्या प्रश्नाचे एक टोक स्वयंपाकघरात अडकलेले आहे. ते सोडविल्यावाचून पुढचे भाषण करण्यात अर्थ नाही.

घरची गोष्ट चारचौघांत सांगू नये म्हणतात. आमच्या सूनबाईंची परवानगी घेऊनच ती सांगत आहोत.

सूनबाई नागपूरला एका खाजगी कचेरीत नोकरीस आहेत. वर्धा ते नागपूर अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. सकाळी सातच्या सुमारास निघावयाचे आणि रात्री साडेसातला, गाडी रखडली तर आठला, घरी पोचावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम. आमचे चिरंजीव वर्ध्यातच नोकरी करतात. ते सहालाच घरी येतात. आम्ही तर सेवानिवृत्त, दिवसभर घरीच. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, तरी त्या भाजी निवडून, कणीक भिजवून ठेवीत. आणि मग आम्ही तिघे, नातवासह चौघे, सूनबाईंच्या चपलांचा आवाज अंगणात येण्याची वाट पाहत बसत असू. आल्या आल्या त्यांनी पदर खोचावयाचा, पोळ्या लाटावयाच्या, भात टाकावयाचा, वरणाला फोडणी द्यावयाची, एक भाजी करावयाची, आणि कोणी मासळी आणून दिली असेल त्या दिवशी तिचा रस्सा वेगळा. आम्ही पुरुष आधी जेवून उठत असू. त्या साडेदहाला, बहुधा उभ्याउभ्याच, दोन घास खात.

यात काही वावगे आहे असे आम्हांस तीन वर्षे वाटले नाही. आमच्या आईने हेच केले होते. किंबहुना एके रात्री आम्हीच ताटावर बसून म्हणालो, ‘पोळी गार आहे.’ सूनबाई काही बोलल्या नाहीत, गरम पोळी आणून वाढली. त्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या पिशवीत डब्यामागे घडी घातलेला कागद आमच्या सौभाग्यवतींच्या हाती लागला. नोकरी सोडण्याचा अर्ज होता तो. सही झालेली होती, फक्त तारीख घालावयाची राहिली होती.

आमच्या तीन पिढ्यांत नोकरी करणारी ही पहिली स्त्री. तिच्या शिक्षणासाठी तिच्या वडिलांनी, आपल्याच समाजातील एका मासेमाराने, काय काय विकले ते आम्हांस ठाऊक होते. आणि ते सारे एका गार पोळीपायी वाया जाणार होते. कचेरीत तिला त्रास नव्हता, प्रवासाचीही तिची तक्रार नव्हती. तिला पेलत नव्हते ते रात्रीचे चार पदार्थ.

त्यानंतरचा बुधवार. गाडी दीड तास उशिरा येणार असल्याचा निरोप आला. नातू भुकेने रडकुंडीला आलेला. फ्रिजमध्ये आमच्या चुलतभावाने बोर धरणावरून आणून दिलेले झिंगे होते, सोललेले आणि धुतलेले. फळीवर नातवाने हट्टाने आणविलेले पास्त्याचे एक पाकीट होते. आमच्या सौभाग्यवती खुर्चीत बसून सांगत गेल्या आणि आम्ही, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, प्रथमच गंज चुलीवर चढविला. चूल म्हणजे अर्थात् गॅसची शेगडी. जुनी जीभ जुनेच शब्द उच्चारते.

आता तुमच्यापैकी काहींच्या मनात येत असेल की हा इटालीचा पदार्थ, त्याचे आपल्या जिल्ह्यात काय काम? या शंकेचे निरसन करूनच कृतीकडे वळू.

उन्हाळ्यात आंब्याच्या रसाचे दिवस आले की आपल्या घरोघरी सरगुंडे होत. घट्ट भिजविलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर पीळ देत गुंडाळावयाची, अलगद ओढून घ्यावयाची, वाळवावयाची आणि मग वाफवून रसाबरोबर खावयाची. मध्ये पोकळी असलेला, पिळाचा, गव्हाचा तो पदार्थ ताटात ठेवून एखाद्या इटालियन माणसाला दाखविला, तर तो त्याला स्वतःच्या भाषेतले नाव देऊन मोकळा होईल. बाजेवर धोतर पसरून वाळविलेल्या हातशेवया तुम्ही पाहिल्या आहेत. लग्नाच्या रुखवतात मांडलेले गव्हले, मालत्या, नखुल्या आणि बोटवे पाहिले आहेत. एकाच कणकेला बोटांनी, नखाने, तळहाताने दिलेले हे निरनिराळे आकार. पास्ता म्हणजे याहून निराळे काही नाही. आकारांच्या बाबतीत आपल्या आज्या कोणाला हार गेल्या नसत्या.

गव्हाचेही तेच. पास्त्याला लागतो तो कठीण दाण्याचा ड्युरम गहू. त्याच जातकुळीचा बन्सी गहू मध्य भारतात आणि आपल्या विदर्भात पिढ्यान् पिढ्या पेरला गेला. त्याचा रवा दाणेदार पडतो आणि शिजला तरी चिकट होत नाही, हे आपल्या बायकांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. मार्को पोलोने चीनमधून शेवया इटालीत नेल्या ही कथा आम्हीही वर्गात पुष्कळदा सांगितली. ती खरी नव्हे. तो १२९५ साली व्हेनिसला परतला, आणि त्याच्या सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी, ११५४ साली, अल् इद्रिसी या अरब भूगोलकाराने सिसिली बेटावरील एका गावी वाळविलेल्या शेवयांचा मोठा उद्योग चालतो असे लिहून ठेवले आहे. चुकीचे शिकविल्याचे प्रायश्चित्त म्हणून हे येथे सांगून टाकले.

राहिला प्रश्न एका भांड्यात शिजविण्याचा. अमेरिकेत मार्था स्टुअर्ट यांच्या मासिकाने २०१३ साली एकाच भांड्यात, पाणी न ओतून टाकता शिजविलेल्या पास्त्याची कृती छापली, आणि ती फार लोकप्रिय झाली. आमच्या सौभाग्यवतींना हे वाचून दाखविले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘मग वरणफळं काय असतात?’ या एका वाक्यात सारे आले. उकळत्या वरणात कणकेचे तुकडे सोडावयाचे, ते त्याच पाण्यात शिजतात, त्यांचे पीठ त्या पाण्यात उतरते आणि वरण दाट होते. एकीकडे फळे शिजली, दुसरीकडे कालवण तयार झाले. पास्त्याच्या अंगचे पीठ नेमके हेच काम करते.

आपण तर त्याच्याही एक पाऊल पुढे होतो. आपल्या पूर्वजांच्या खांद्यावर मेणा आणि हातात जाळे. आमचे आजोबा धामेत आणि पुढे वर्धा नदीवर डोंगा घेऊन जात. मुक्काम नदीकाठी पडे. मोठी मरळ, मोठा रोहू टोपल्यात पडून हिंगणघाटच्या नाही तर पुलगावच्या बाजाराला जाई. मोठा मासा बाजाराला आणि बारीक घराला, हा आपल्या घरांतील कायदाच होता. झिंगे आपल्या वाट्याला येत. तीन दगडांच्या चुलीवर आमची आजी झिंग्यांचा पातळ रस्सा करी, आणि पोळ्या करावयाला तवा कोठला? ती त्या रश्श्यातच कणकेची फळे सोडी. आईकडून आम्ही हे ऐकले होते. आजीने ते काही नवे म्हणून केले नव्हते. हात थकलेले होते, भांडे एकच होते, आणि जाळे पहाटे पुन्हा टाकावयाचे होते.

आता कृती. चौघांच्या घरासाठी तीनशे ग्रॅम पास्ता पुरे. आखूड आणि पोकळ किंवा पिळाचा घ्यावा. लांब काड्यांचा एका भांड्यात ढवळताना फार छळतो. पाकिटावरील बारीक अक्षर चष्मा लावून वाचावे. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे लिहिलेले असेल तरच आणावा. मैद्याचा स्वस्त पास्ता वेगळ्या पाण्यात उकळून गाळला तर एक वेळ चालतो, परंतु या पद्धतीने शिजविला तर त्याची खळ होते. आमची एकदा झाली. त्या रात्री सर्वांनी दूधपोहे खाल्ले.

झिंगे सोलून सुमारे चारशे ग्रॅम असावेत. कवचासह याच्या जवळजवळ दुप्पट आणावे लागतात, आणि नांग्या मोठ्या असतील तर त्याहूनही थोडे अधिक. विकत घेताना डोके घट्ट बसलेले आहे ना, अंग कडक आणि चकचकीत आहे ना, हे पाहावे. हाताळताच डोके गळून पडत असेल किंवा नाकाला झोंबणारा उग्र वास येत असेल, तर विक्रेती सख्खी आत्या असली तरी घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत बाजारातून घरी येतानाही डब्यात बर्फ हवा. समुद्राची कोळंबीही आता बर्फात घालून आपल्याकडे येते. मुंबई येथून आगगाडीने सुमारे साडेसातशे किलोमीटर. एवढा प्रवास करून आलेल्या पाहुणीला घरी आणून पुन्हा ताटकळत ठेवू नये, त्याच दिवशी रांधावे अथवा लगेच गोठवून ठेवावे. चव मात्र आम्हांला आपल्या गोड्या पाण्यातील झिंग्याचीच अधिक आवडते. हा पक्षपात आहे, आणि तो आम्ही सोडणार नाही.

सोलण्याचे काम रविवारचे. एका बैठकीत, घरातल्या सर्वांनी बसून. मोठ्या झिंग्याच्या पाठीवर उभी चीर देऊन काळा दोरा काढावा. अगदी बारीक झिंग्यांना त्याची गरज नाही. एका वेळेला लागतील तेवढे झिंगे निरनिराळ्या डब्यांत भरून गोठणाच्या कप्प्यात ठेवावेत, आणि ज्या दिवशी करावयाचे त्या दिवशी सकाळी एक डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावा. संध्याकाळपर्यंत ते हळूहळू मऊ होतात. बाहेर ओट्यावर ठेवून वितळवू नयेत.

आणि डोकी, कवचे टाकू नयेत, हे कळकळीने सांगावयाचे आहे. रविवारीच चमचाभर तेलात ती लालबुंद होईस्तोवर परतावीत, सव्वा लिटर पाणी घालून पंधरावीस मिनिटे उकळावे आणि फडक्यातून गाळून घ्यावे. त्या पाण्याला जो रंग आणि जो स्वाद येतो, तो कोणत्याही पुडीतल्या मसाल्याला येत नाही. हेही गोठवून ठेवता येते. आजीच्या रश्श्याचे गुपित हेच होते : तिला झिंगे सोलावयाला वेळच नसे, ती कवचासकट शिजवी.

कामाच्या दिवशी मग राहते काय? झिंग्यांना हळद, थोडे मीठ आणि लाल तिखट चोळून दहा मिनिटे ठेवावे. तेवढ्यात दोन कांदे, चार टमाटर आणि दहाबारा पाकळ्या लसूण चिरून होतो. जाड बुडाचा, रुंद तोंडाचा गंज घ्यावा. जर्मनचा पातळ गंज घेतलात तर तळाला लागेल. तीन चमचे तेल तापू द्यावे. आमच्या लहानपणी जवसाचे असे, आता जे घरात असेल ते. झिंगे एकावर एक न पडतील असे पसरावेत. एक मिनिट एका बाजूने, एक मिनिट दुसऱ्या बाजूने. पारदर्शक अंग पांढरे-गुलाबी झाले आणि झिंगा अर्धवर्तुळासारखा वाकला, की ताबडतोब ताटलीत काढून घ्यावा. तो अगदी गोल गुंडाळला गेला, डोके शेपटीला टेकले, तर समजावे की उशीर झाला. झिंग्याचे मांस फार कोवळे. आच अधिक लागली की ते आकसते, त्यातले पाणी निघून जाते आणि दाताखाली चिवट लागते. आपल्या पुष्कळ घरांत झिंगे वीस वीस मिनिटे रटरटत ठेवतात आणि मग झिंग्यालाच नावे ठेवतात.

त्याच तेलात लसूण, मग कांदा, मग टमाटर, चमचाभर तिखट. टमाटर गळून तेल सुटू लागले की कोरा पास्ता तसाच आत टाकावा आणि कवचांचे गरम पाणी ओतावे, सुमारे एक लिटर, पास्ता जेमतेम बुडेल इतके. मीठ हात आखडता घेऊन घालावे. वेगळ्या पाण्यात उकळताना मिठाचे पाणी आपण ओतून देतो. येथे घातलेले सगळे पोटात जाणार आहे. उकळी आली की आच मध्यम करावी, झाकण ठेवू नये, आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळावे. एवढा वेळ मात्र गंजापाशी उभे राहावे लागते. आम्ही पहिल्या बुधवारी वर्तमानपत्र घेऊन बसलो आणि तळाचा थर कायमचा गमावला. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटे अधिक लागतात, म्हणजे बहुधा दहा ते बारा मिनिटे. पाणी आधीच आटले तर अर्धी वाटी गरम पाणी आणखी घालावे. एक तुकडा काढून दाताने तोडून पाहावा. मध्यभागी पांढरा ठिपका अगदी नावापुरता उरला असेल, तर झिंगे परत आत सोडावेत, दोन मिनिटांत विस्तव बंद करावा, वरून मूठभर चिरलेला सांबार आणि एका लिंबाचा रस. पुण्याच्या पाहुण्यांना सांबार म्हटले की डाळीचे आठवते. आपण कोथिंबिरीबद्दल बोलत आहोत. दोन मिनिटे झाकून ठेवावे आणि गंजच मध्ये ठेवून सर्वांनी एकदम बसावे. झिंगे आधी साफ केलेले असले, तर पदर खोचल्यापासून, अथवा आमच्यासारख्याने बाही सारल्यापासून, पानावर बसेपर्यंत पस्तीस मिनिटे होतात. आम्ही घड्याळ लावून पाहिले आहे.

वरून चीज किसून घालण्याची जी पद्धत मुलांनी उचलली आहे, ती येथे नको. इटालीतही माशांच्या पास्त्यावर सहसा चीज घालीत नाहीत, असे मुलांना सांगावे. आपले ऐकत नसली तरी इटालीचे ऐकतात.

झिंगे नाहीतच, अशा दिवशी काय करावे? मरळ मिळाली तर तिच्या काटे काढलेल्या फोडी चालतात, कारण तिला बारीक काटा फार कमी. रोहू आणि कतला मात्र या गंजात घालू नका. त्यांच्या मांसातले दोन फाट्यांचे बारीक काटे पास्त्यात दिसत नाहीत, आणि ते लहान मुलांच्या घशात जाण्याचे भय असते. रोहूचा रस्सा भाताबरोबरच बरा. त्याहून सोपे म्हणजे आठवडी बाजारातील सुके झिंगे. वाटीभर घ्यावेत, कोरड्या गंजात मंद आचेवर भाजावेत, हातावर चोळून मिशा व कचरा पाखडून टाकावा, वाळू जाईपर्यंत दोनतीनदा धुऊन पंधरा मिनिटे भिजवावेत. त्यांच्यात मूळचे मीठ असते, हे विसरू नये. बरोबर दोन कोवळी वांगी चिरून घालावीत. झिंगे-वांगे ही जोडी आपल्या विदर्भात जुनी आहे, पास्त्याच्या येण्याने ती मोडत नाही. सुके झिंगे ओल्यासारखे आधी काढून ठेवावयाचे कारण नाही, ते कांद्याबरोबरच परतावेत.

दोन सावधगिरीच्या सूचना. कोणाकोणाच्या अंगाला झिंगा सोसत नाही. खाताच खाज येते, ओठ सुजतात, दम लागतो. अशा माणसाला ‘थोडासा खाऊन पाहा’ असा आग्रह कदापि करू नये, त्यात जिवाला धोका असतो. आणि उरलेले अन्न रात्रभर ओट्यावर ठेवू नये. निवाले की लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, दुसऱ्या दिवशी थोडे पाणी घालून वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावे आणि संपवावे.

आता विरोधकांकडे वळतो, आणि त्यांत आम्ही स्वतःही होतो, हे विसरलेलो नाही. पहिला आक्षेप असा की पोळी पोटात गेल्यावाचून जेवण झाल्यासारखे वाटत नाही. हिशेब पाहा. गहू पोळीतही आणि यातही, झिंग्यांतून मांसवर्धक सत्त्व मिळाले, कांदा-टमाटर आले. पालेभाजी हवी तर उतरविण्यापूर्वी मूठभर पालक त्याच गंजात पडतो. उणीव आहे ती पोटातली नव्हे, डोळ्यांतली : ताटाचे चार कप्पे भरलेले दिसत नाहीत.

याबाबतीत एक गोष्ट आमच्या मनात नेहमी येते. ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ यांवर तेथे प्रयोग झाले. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले. आश्रमाच्या व्रतांत अस्वाद हेही एक व्रत होते. आमचा झिंग्यांचा गंज त्या पंगतीला चालला नसता, हे उघड आहे, आणि हा पदार्थ अस्वादव्रतात बसतो असा दावा करण्याइतके आम्ही धीट नाही. परंतु जेवणात किती पदार्थ असावेत आणि ते करण्यात किती माणसांचा किती वेळ जावा, हा प्रश्न या मातीत गंभीरपणे विचारला गेला होता. आपण सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन जातो, कुटी दाखवितो, आणि घरी येऊन गरम पोळीची मागणी करतो.

दुसरा आक्षेप भगिनींकडूनच आला, आणि तो अधिक मार्मिक आहे. देवळीच्या एका काकू आम्हांस म्हणाल्या, ‘सर, तुमचे खरे, पण गंज एक झाला तरी तो चढविणारी तीच राहिली, तर काय बदलले?’ याला आमच्यापाशी घरच्या अनुभवाखेरीज उत्तर नाही. चार पदार्थांचा स्वयंपाक आम्हांला या जन्मात शिकता आला नसता. पोळी तर अजूनही आमच्या हातून नकाशासारखी होते. एक गंज मात्र आम्ही आणि चिरंजीव दोघेही पंधरा दिवसांत शिकलो. पुरुषाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवावयाचे तर पहिली पायरी बुटकी हवी. आज आमच्या घरी सोमवार, बुधवार आणि शुक्रवारची रात्र एका गंजाची असते. श्रावणात आणि उपासाच्या वारी झिंग्यांऐवजी ओले वाटाणे अथवा भिजविलेले हरभरे पडतात. उरलेल्या दिवशी पोळी-भाजी होते, आणि तीही आवडीने खाल्ली जाते. आम्ही काही पोळीचे वैरी नाही.

त्या अर्जाचे काय झाले, असे कोणी विचारण्यापूर्वीच सांगतो. पहिल्या बुधवारी सूनबाई नऊ वाजता आल्या. आम्ही चौघे त्यांच्यासाठी थांबलो होतो. तळ करपलेला, पास्ता जरा अधिक शिजलेला, मीठ कमी. त्या हातपाय धुऊन आमच्याबरोबरच बसल्या आणि दोनदा मागून घेतले. जेवताना गाडीची, कचेरीची, मैत्रिणींची हकीकत सांगत होत्या. लग्नाला तीन वर्षे होऊन गेली होती, आणि सूनबाई जेवताना बोलतात हे आम्हांला त्या रात्री कळले. शेवटी म्हणाल्या, ‘मामाजी, मीठ थोडं कमी आहे.’ आम्हांला ‘पोळी गार आहे’ आठवले आणि आम्ही खाली पाहिले. अर्ज पुढे कित्येक महिने पिशवीतच होता. गेल्या दिवाळीत, पिशवी जुनी झाली म्हणून त्यांनी ती बदलली, तेव्हा तो इतर रद्दीबरोबर निघाला. आज त्या त्याच कचेरीत एका विभागाच्या प्रमुख आहेत.

बंधुभगिनींनो, वेळ संपत आल्याची घंटा चिटणीसांनी दोनदा वाजविली आहे. एक निवेदन करावयाचे राहिले. सभागृहाच्या मागील अंगणात तीन मोठे गंज चढविलेले आहेत. झिंगे बोर धरणावरचे आहेत, काल संध्याकाळी आलेले, रात्रभर बर्फात होते. तिसऱ्या गंजात फक्त वाटाणे आहेत. ज्यांना झिंगा वर्ज्य आहे किंवा सोसत नाही त्यांनी तिकडेच जावे. त्या गंजाचा झारा वेगळा ठेवला आहे, तो इकडचा तिकडे करू नये. ढवळण्यावर आमचे चिरंजीव आणि समाजातील सहा तरुण आहेत, आणि वाढपही तेच करणार आहेत. पहिली पंगत भगिनींची बसेल.